रग्बीच्या मैदानावरील एक कारकीर्द

‘कारकीर्द’ हा शब्द आपण एके काळीं राज्यकर्त्यांसाठींच राखून ठेवला होता. थोरल्या माधवरावांची कारकीर्द, शाहूमहाराजांची कारकीर्द, असें आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलें. पुढें तो शब्द मामलेदारांना लागला, नटांना लागला, आणि आतां खेळाडूंनाही लागतो. खेळाडूची कारकीर्द म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें क्रिकेटपटू उभा राहतो. त्याच्या धावा, त्याची मिळकत, भिंतीभिंतींवर लागलेलीं त्याचीं चित्रें. आज ज्या कारकीर्दीविषयीं मी बोलणार आहें, तिला यांपैकीं एकही माप लागू पडत नाहीं. ती कारकीर्द आहे पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांची. भरुचाबाई भारताच्या महिला रग्बी संघाच्या कर्णधार होत्या. २०१९ सालच्या जून महिन्यांत फिलिपाइन्स देशांत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय स्त्रियांनीं पंधराजणींच्या रग्बींत आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला.

मी गोंदिया जिल्ह्यांतला एक निवृत्त शाळामास्तर. आमच्याकडे धानाच्या बांध्या आहेत, तळीं आहेत, तांदळाच्या गिरण्या आहेत. रग्बीचें मैदान मात्र मीं आमच्या भागांत पाहिलेलें नाहीं. तरीही हा विषय मीं घेतला, कारण आमच्या प्रत्येक गांवच्या शाळेच्या पटांगणांत जो प्रश्न उभा आहे तोच मला या कारकीर्दींत दिसतो. खेळूं शकणारी मुलगी खेळत कां राहत नाहीं? आणि जी खेळत राहते, ती कशाच्या बळावर?

प्रथम खेळ समजून घेऊं. इंग्लंडमध्यें रग्बी नांवाचें एक गांव आहे. तेथील शाळेंत १८२३ सालीं वेब एलिस नांवाच्या मुलानें पायानें खेळावयाचा चेंडू हातांत घेऊन धूम ठोकली व त्यांतून हा खेळ जन्मला, अशी कथा सांगतात. जाणते लोक तिला आख्यायिकाच मानतात. पण खेळ त्या शाळेंत वाढला हें खरें. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७१ सालीं एडिंबरो येथें स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यांत झाला, आणि तो स्कॉटलंडनें जिंकला.

या खेळाचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो. प्रत्येक बाजूस १५ खेळाडू, आणि ४० मिनिटांचा एक असे दोन डाव. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचावयाचें व तो जमिनीस टेकवावयाचा. असें साधलें म्हणजे ५ गुण मिळतात. त्यास ट्राय म्हणतात. मग तोच चेंडू पायानें मारून उंच खांबांमधून पलीकडे धाडला तर आणखी २ गुण. प्रतिपक्षानें नियम मोडल्याबद्दल जी पेनल्टी मिळते, तींत चेंडू खांबांमधून गेला तर ३ गुण. स्त्रियांनाही हेच नियम आणि हीच ८० मिनिटें. त्यांच्यासाठीं कांहीं सौम्य केलेलें नाहीं.

चेंडू घेऊन धांवणाऱ्यास धरून खालीं पाडतां येतें. हुतुतूंत चढाई करणाऱ्याला आपण कंबरेला नाहीं तर पायांना मिठी घालतों, तसाच हा प्रकार. खांद्यांच्या वर, मानेला वा डोक्याला धरण्यास सक्त मनाई आहे. पण या खेळाचा सर्वांत नवलाचा नियम निराळाच आहे. हातानें चेंडू पुढें फेंकतां येत नाहीं. पुढें न्यावयाचा असेल तर तो घेऊन स्वतः धांवावें, किंवा पायानें मारावा. सोबत्याला हातानें द्यावयाचा असेल तर तो मागें किंवा बरोबरीला असला पाहिजे. संघ पुढें सरकत असतो आणि चेंडू मागच्याच्या हातीं जात असतो. आपला सोबती कोठें आहे याची ज्याला खबर नाहीं, तो अंगानें कितीही धडधाकट असला तरी एकटा सांपडतो आणि पकडला जातो.

हा खेळ आपल्या देशास नवा नाहीं. १८७२ च्या नाताळांत कलकत्त्यास इंग्रजांनीं एक सामना खेळला, व पुढच्याच वर्षीं तेथें क्लब निघाला. थोड्याच वर्षांत सभासद ओसरले. तेव्हां राहिलेल्यांनीं बँकेंतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक चषक घडविला, आणि १८७८ सालीं तो इंग्लंडच्या रग्बी मंडळास देऊन टाकला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड आजही या ‘कलकत्ता चषका’साठीं झुंजतात. आपल्या रुपयांची चांदी तिकडे दीडशें वर्षें मिरवते आहे; इकडे मात्र हा खेळ दीर्घ काळ जिमखान्यांच्या कुंपणाआड, आधीं साहेबलोकांत व मग थोड्या शहरी मंडळींत, कोंडून राहिला. भारतीय पुरुषांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत पहिल्यांदा उतरला तो १९९८ सालीं. मुंबईचे नट राहुल बोस त्या संघांत खेळत होते. स्त्रियांचा सातजणींचा संघ २००९ सालीं परदेशच्या मैदानावर गेला. सातजणींचा खेळ हा याच खेळाचा आखूड व अधिक वेगवान प्रकार होय. २०१६ पासून ऑलिंपिकमध्येंही तोच खेळला जातो. पंधराजणींच्या पूर्ण खेळासाठीं भारतीय स्त्रियांना २०१८ साल उजाडेपर्यंत थांबावें लागलें.

पुण्याचा या हकीकतींत मोठा वांटा आहे. भरुचाबाईंच्याप्रमाणेंच पुण्याच्या नेहा परदेशी यांनींही भारतीय महिला संघाचें नेतृत्व केलेलें आहे. २०१२ च्या ऑक्टोबरांत सातजणींच्या विश्वचषकासाठीं आशिया खंडाची पात्रता-स्पर्धा पुण्यासच भरली होती. ज्या शहरांत अशी स्पर्धा भरते, तेथील मुलींना हा खेळ डोळ्यांनीं पाहतां येतो, त्यांना शिकविणारें कोणी भेटतें, आणि संध्याकाळीं मैदानावर जाणारी मुलगी शेजाऱ्यांना विचित्र वाटत नाहीं. कर्तबगारी ज्याची त्याची असते हें खरें, पण बीं पडावयाचें तर जमीन आधीं नांगरलेली असावी लागते.

आतां या कारकीर्दीचें खरें स्वरूप पाहूं. भरुचाबाई व्यवसायानें फिजिओथेरपिस्ट आहेत. ज्यांचे सांधे, स्नायू वा कणा दुखावला आहे अशा रोग्यांना व्यायामानें व उपचारानें पुन्हां उभें करावयाचें, हें त्यांचें शास्त्र. रग्बी हें त्यांच्या चरितार्थाचें साधन कधींच नव्हतें, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. १९९५ सालीं या खेळाच्या जागतिक मंडळानें खेळाडूंना मोबदला घेण्यास मोकळीक दिली. तेव्हांपासून इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड या देशांत रग्बी हा पुरुषांचा पूर्ण वेळेचा पेशा झाला, आणि गेल्या कांहीं वर्षांत तिकडच्या स्त्रियांनाही वेतन मिळूं लागलें. २०२५ च्या सप्टेंबरांत लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहावयास ८१ हजारांवर प्रेक्षक जमले होते. इंग्लंडनें त्यांत कॅनडाचा पराभव केला. आपल्याकडे त्याच वर्षीं जून महिन्यांत मुंबईस सहा संघांची पहिली व्यावसायिक साखळी-स्पर्धा झाली, पण ती पुरुषांची होती.

ज्या देशांत खेळ पोट भरीत नाहीं, त्या देशांतील खेळाडूला दोन कारकीर्दी एकाच आयुष्यांत बसवाव्या लागतात. एक पोटाची आणि दुसरी मैदानाची. पहिलींत रजा मागावी लागते, आणि दुसरींत दम मागावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामना दोन वर्षांतून एखादवेळ येतो. त्यासाठींचा सराव मात्र रोजचा असतो. मी हिशेबी मनुष्य आहें. रोजचा दीड तास धरला, आठवड्याचा एक दिवस विश्रांतीसाठीं सोडला, तरी वर्षाचे साडेचारशेंहून अधिक तास होतात. दहा वर्षांचे साडेचार हजार. त्यांतून पंधराजणींचा आंतरराष्ट्रीय सामना वांट्यास येतो तो ८० मिनिटांचा, आणि तोही जिंकेलच असें नाहीं. अशा व्यवहारास आमच्याकडील व्यापारी तोट्याचा सौदा म्हणेल. तरीही कांहीं माणसें तो आनंदानें करतात, आणि त्यांच्यामुळेंच देशांत एखादा खेळ रुजतो.

२०१८ च्या जून महिन्यांत सिंगापूर येथें भारतीय स्त्रिया पंधराजणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या. यजमान सिंगापूरनें तो ३० विरुद्ध ५ गुणांनीं जिंकला. पुढच्या वर्षीं फिलिपाइन्समध्यें आशियाई स्पर्धा भरली. चीन व फिलिपाइन्स या दोघांकडूनही भारताची हार झाली. मग समोर आला तोच सिंगापूरचा संघ. आधीच्या वर्षीं २५ गुणांनीं हरविणारे लोक पुन्हां समोर उभे, आणि अंगांत आधीच्या सामन्यांचा शीण. अशा वेळीं कर्णधाराचें काम काय असतें, हें ज्यानें कधीं हरणाऱ्या संघाची बाजू सांभाळली आहे त्यालाच कळेल. भारतानें तो सामना २१ विरुद्ध १९ गुणांनीं जिंकला.

यांतील निर्णायक ३ गुण सामना संपावयास थोडाच अवधि असतांना पेनल्टीवर मिळाले. ते २१ मधून वजा करा. १८ उरतात, आणि समोर १९ आहेत. म्हणजे तो एक फटका खांबांबाहेर गेला असता तर आज मी आपणांस पराभवाची गोष्ट सांगत बसलों असतों, किंवा बहुधा कांहींच सांगत बसलों नसतों. तो फटका मारला सुमित्रा नायक हिनें. ती ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यांतली. भुवनेश्वर येथें आदिवासी मुलांसाठीं कलिंग सामाजिक शास्त्र संस्था नांवाची मोठी निवासी संस्था आहे; सुमित्रा तेथें शिकली. याच संस्थेच्या १४ वर्षांखालील मुलांनीं २००७ सालीं लंडनला जाऊन एक आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली, आणि त्या यशानंतर तेथील मुलींनाही मैदान मिळालें. त्याच भारतीय संघांत बिहारमधील बाढच्या बाजूची स्वीटी कुमारी होती. तिच्या वेगाचें कौतुक साऱ्या आशियांत झालें, आणि २०१९ सालची जगांतील उत्कृष्ट तरुण महिला खेळाडू म्हणून एका इंग्रजी रग्बी-संकेतस्थळानें तिची निवड केली.

श्रोतेहो, आतां या तिघींना शेजारीं शेजारीं उभें करून पाहा. एक पुण्याची पारशी मुलगी, शिकून स्वतःचा व्यवसाय करणारी. दुसरी ओडिशाच्या निवासी शाळेंत वाढलेली. तिसरी बिहारच्या खेड्यांतून आलेली. भाषा निराळ्या, ताटांतलें अन्न निराळें, घरची सांपत्तिक स्थिति निराळी. मला यांत एकच समान गोष्ट दिसते. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतरही या मुलींना कोणीतरी मैदानावर राहूं दिलें. एकीला घरानें व शहरानें तो अवकाश दिला, दुसरीला वसतिगृहानें दिला, तिसरीनें तो धांवून मिळविला. अंगची शक्ति तर लाखों मुलींत असते. दुर्मिळ असते ती ही चार-पांच वर्षांची मोकळीक.

माझें हें मत नुसत्या वाचनांतून झालेलें नाहीं. मीं जन्मभर खेड्यांतल्या शाळांतून शिकविलें. पांचवींतल्या मुली धांवण्यांत मुलांना मागें टाकतात, हें कोणत्याही मास्तरास विचारा. आट्यापाट्यांत व लंगडींत त्यांना आवरतां आवरत नाहीं. नववींत त्याच मुली मैदानाच्या कडेला उभ्या असतात; कोणाच्या चपला सांभाळीत, कोणाची ओढणी हातांत धरून. मधल्या चार वर्षांत त्यांच्या पायांतील बळ गेलेलें नसतें. घरीं धाकटें भावंड असतें, विहिरीवरून वा नळावरून पाणी आणावयाचें असतें, मार्चएप्रिलांत मोहाचीं फुलें वेंचावयाचीं असतात, मे महिन्यांत तेंदूपत्ता. आणि यांवर ताण म्हणजे शेजारणीचें एक वाक्य: एवढी मोठी झाली, अजून धांवते?

आईबापांची काळजी मी खोटी म्हणत नाहीं. हातपाय मोडला तर पोरीचें लग्न कसें होईल, ही भीति आमच्याकडे प्रत्येक घरांत आहे. रग्बींत दुखापत होते, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं. गुडघे जातात, खांदे निखळतात, डोक्यास मार बसतो. डोक्यास इजा झाल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावें, असा आतां या खेळाचा दंडक आहे, व तो योग्यच आहे. पण मी आईबापांना एवढेंच विचारीन कीं, रोवणीच्या दिवसांत हीच मुलगी सकाळपासून सांजेपर्यंत गुडघाभर चिखलांत वाकून उभी असते. तेव्हां तिच्या पाठीची व गुडघ्यांची चौकशी कोण करतो? श्रमाचें दुखणें आपण नशिबाचें म्हणून सोडून देतों, आणि खेळाच्या दुखण्याचें मात्र भय घालतों. ज्या संघाची कर्णधार स्वतः मोडलेले सांधे उभे करण्याचें शास्त्र शिकलेली होती, त्या संघाकडे पाहून तरी शरीर जपणें आणि शरीर वापरणें हीं एकमेकांचीं वैरी नाहींत, हें आपणांस पटावें.

मग आमच्यासारख्या जिल्ह्यानें करावें काय? एकदम उंच खांब रोवून धरपकडीचा खेळ सुरू करा, असें मी म्हणणार नाहीं. तें शिकलेल्या शिक्षकावांचून करूंही नये. परंतु या खेळाचा एक निरुपद्रवी प्रकार आहे. त्यांत कोणी कोणास पाडीत नाहीं. चेंडूवाल्यास नुसता हात लावला, किंवा कंबरेला खोंचलेली फीत काढून घेतली, कीं तो पकडला गेला असें मानतात. त्याला चेंडू पाहिजे, थोडी मऊ जागा पाहिजे, आणि मागच्याला चेंडू देण्याची संवय पाहिजे. गांवचें आखर त्यास पुरेसें आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव या तालुक्यांत आदिवासी मुलामुलींच्या आश्रमशाळा आहेत. तेथील मुली शाळेंतच राहतात. संध्याकाळचा एक तास त्यांच्या हातीं असूं शकतो. भुवनेश्वरला जें घडलें तें याच एका तासांतून घडलें. ज्यांना व्यवहाराची भाषा समजते त्यांच्यासाठीं हेंही सांगतों कीं, महाराष्ट्रांत नियमांत बसणाऱ्या खेळाडूंसाठीं सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. पण मी नोकरीचें आमिष पुढें करून खेळ मागणार नाहीं. शंभर मुली खेळल्या तर एखादीच संघांत जाईल. उरलेल्या नव्व्याण्णव जणींना आपलें अंग आपल्या ताब्यांत आहे एवढें कळलें, तरी शाळेचा खेळाचा तास सार्थकीं लागला असें मी म्हणेन.

भरुचाबाईंच्या कारकीर्दीचें मोल मी यासाठींच मोठें मानतों. तिच्यामुळें कोणास फार पैसा मिळाला नाहीं, आणि आमच्या बाजारांत तें नांव विचारलें तर दहांतले दहा जण मान हलवितील. परंतु २०१९ च्या त्या दिवसापूर्वीं भारतीय स्त्रियांच्या पंधराजणींच्या रग्बीच्या खात्यावर विजय नव्हता. त्या दिवसानंतर तो आहे, आणि तो कधीं पुसला जाणार नाहीं. पुढें येणाऱ्या मुलींना शून्यापासून मोजावें लागणार नाहीं.

मी मास्तर आहें, म्हणून निरोप घेतांना एक लहानसें गणित घालतों. उद्यां किंवा परवां, खेळाच्या तासाला आपल्या गांवच्या शाळेवरून जा. आठवी, नववी व दहावीच्या किती मुली धांवत आहेत आणि किती कडेला उभ्या आहेत, हें मोजा. दोन्ही आंकडे कागदावर लिहून मुख्याध्यापकांना दाखवा, आणि त्यांच्याजवळ बसून विचारा कीं, पुढच्या वर्षीं कडेचा आंकडा निम्म्यावर आणावयाचा तर शाळेनें काय करावें व गांवानें काय करावें. उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नाहीं. तें आपणांसच काढावयाचें आहे.